सात नंबरचं विरजण

सारिका मगदूमला रोज सकाळी आठ वाजता पोटात दुखायचं. डॉक्टरकडे जाण्यासारखं ते दुखणं नव्हतं. फाटकाजवळच्या पाटीवर सोळा वाफ्यांचे आकडे उमटले, की ते सुरू व्हायचं आणि साडेआठपर्यंत कामाच्या घाईत मावळायचं. गेले सात आठवडे पाटीवर सात नंबरच्या वाफ्याचा आकडा सगळ्यांत लहान होता. आकडा जितका लहान तितकी माती स्वच्छ. सात नंबर होता ऋतुजाकडे, म्हणजे सारिकाच्या धाकट्या जावेकडे. सारिकाचा वाफा चार नंबरचा आणि त्याचा आकडा मधेच कुठेतरी घुटमळत असे. बायका पाटी बघून “सात नंबर भारी चाललाय की” म्हणायच्या, आणि सारिकाही म्हणायची, सगळ्यांच्या आधी म्हणायची, म्हणजे कुणाला संशय नको.

मिरजेच्या पलीकडे भानेवाडीत एक कारखाना होता. कातडी कमावायला लागणारं क्रोमचं मीठ तिथे बनायचं. त्याचं खरं नाव आता कुणाच्या लक्षात नाही, सगळे त्याला पिवळा कारखाना म्हणतात, कारण त्याच्या भिंतीलगत पावसाचं पाणी साचलं की ते हळदीच्या पाण्यासारखं दिसायचं. मालकाने कारखाना बंद केला, यंत्रं विकली आणि अकरा एकर विषारी माती मागे ठेवून तो निघून गेला. त्याला बावीस वर्षं झाली. कामगारांची वसाहत मात्र कुंपणाला चिकटून तिथेच राहिली. एकशे चाळीस घरं, आणि प्रत्येक घरात पिण्याचं पाणी टँकरचं.

दोन हजार पंचेचाळीस साली सरकारने या जागेचा निकाल लावायचं ठरवलं. पूर्वी अशी माती खणून ट्रकने दुसरीकडे नेऊन पुरायचे. म्हणजे आपल्या दारातला कचरा शेजारच्या दारात. तसं करायला आता कायद्याने बंदी होती. माती जागच्या जागी साफ करायची, मग अर्ध्या जागेवर वसाहतीतल्या लोकांना पक्की घरं द्यायची, असा करार झाला. करारात एक तारीख होती. पुढल्या वर्षीच्या एकतीस मार्चपर्यंत सोळाही वाफ्यांचे आकडे आठच्या आत आले पाहिजेत. नाही आले, तर सगळ्या जमिनीवर काँक्रीटचा थर ओतून वर गोदामं बांधायची आणि घरांचं नाव काढायचं नाही.

या कामाच्या प्रमुख होत्या डॉक्टर आयेशा मुलाणी. सांगलीतच वाढलेल्या, पुण्यात शिकलेल्या, पन्नाशीच्या. पहिल्या दिवशी त्यांनी कामावर घेतलेल्या वसाहतीतल्या सोळा बायकांना झाडाखाली बसवून सगळं समजावून सांगितलं होतं.

“क्रोमियम दोन रूपांत असतं. एक पिवळं. ते पाण्यात विरघळतं, विहिरीत उतरतं आणि अंगात गेलं की कॅन्सर करतं. दुसरं हिरवं. ते विरघळत नाही, मातीला धरून गप बसतं. दोन्हींत फरक फक्त तीन इलेक्ट्रॉनांचा. पिवळ्याला ते तीन दिले की त्याचं हिरवं होतं. हे देण्याचं काम करणारे जंतू आम्ही तयार केलेत. आपण श्वास घेतो आणि हवेला काहीतरी देतो ना, तसे हे जंतू क्रोमवर श्वास घेतात. तुम्ही त्यांना वाढवायचं, जेवायला घालायचं आणि नळ्यांतून जमिनीत सोडायचं. जमिनीत खोल तारा रोवल्यात. जंतूंनी काम केल्यावर पिवळं किती उरलं ते त्या तारांना कळतं आणि पाटीवर आकडा येतो.”

प्रत्येक बाईला एक वाफा आणि एक मोठं पिंप. पिंपात साखर कारखान्याची मळी त्याच वाफ्यातून उपसलेल्या पिवळ्या पाण्यात कालवायची, ती तापवून कोमट करायची, आदल्या दिवसाचं थोडं राखलेलं त्यात घालायचं आणि झाकून ठेवायचं. जंतूंच्या त्या मिश्रणाला इंग्रजीत हातभर लांब नाव होतं. बायकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव विरजण ठेवलं. पंधरा दिवसांनी मुलाणी मॅडमही विरजण म्हणायला लागल्या.

आणि त्यांनी एक नियम सांगून ठेवला होता. सोळा पिंपांतली विरजणं हळूहळू आपापल्या मातीला सरावतील आणि वेगवेगळी होतील. बाराव्या आठवड्यात सगळ्यांत चांगलं विरजण निवडायचं, तेच सगळ्या जमिनीला लावायचं आणि उरलेली पंधरा वाफेने मारून टाकायची, कारण दोन जातींचे जंतू एका जमिनीत भांडत बसतात. ज्या बाईचं विरजण निवडलं जाईल, ती सगळ्या कामाची मुख्य.

ते मुख्यपण सारिकाला हवं होतं. तिचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं, की या सोळा बायकांना गोळा केलं कुणी? तिने. मॅडमकडे पहिल्यांदा अर्ज घेऊन गेलं कोण? ती. ऋतुजाला हातमोजे कसे चढवायचे हेसुद्धा तिनेच शिकवलं होतं. ऋतुजा पंधरा वर्षांपूर्वी लग्न होऊन घरात आली तेव्हापासून हे असंच चाललं होतं. शिकवायचं सारिकाने आणि साधायचं ऋतुजाला. भाकरी तिची टम्म फुगायची. दही तिचं असं लागायचं, की भांडं उलटं केलं तरी पडणार नाही. सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, “धाकटीच्या हाताला गुण हाय.” थोरलीच्या हाताला काय आहे ते कधी कुणी सांगितलं नाही. सारिकाने ते पंधरा वर्षं गिळलं. पण सरकारी पाटीवर, आकड्यांत, अख्ख्या गावासमोर तेच पुन्हा वाचायचं म्हणजे फार झालं.

म्हणून आठव्या आठवड्यात तिने पाळत ठेवायला सुरुवात केली.

तिसऱ्याच दिवशी तिला दिसलं. मळीचं पाणी कोमट झालं की नाही हे बघायला सगळ्या बायका थर्मामीटर वापरत. ऋतुजाने थर्मामीटर बघितला, तो तिला पटला नाही, मग तिने इकडेतिकडे पाहिलं, उजव्या हाताचा मोजा काढला आणि तर्जनी पिंपात बुडवली. दुधात बुडवतात तशी, दुसऱ्या पेरापर्यंत. क्षणभर थांबली, मान हलवली, मोजा चढवला आणि राखलेलं विरजण ओतलं.

सारिकाला आधी हसू आलं आणि मग राग आला. हिच्या मेहनतीत आपल्यापेक्षा जास्त असं काहीच नाही, ही फक्त घरी करते तेच इथे करते, आणि तरी हिचा आकडा खाली. आपण मॅडमचा शब्दन् शब्द पाळतो आणि आपला आकडा लटकलेला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या पत्र्याच्या शेडखाली डबे उघडून बसल्या, तेव्हा सारिका “बाटली राहिली माझी” म्हणत उठली. सात नंबरच्या पिंपाची तोटी उघडून तिने दीड लिटरची बाटली भरली आणि ती आपल्या पिंपात रिकामी केली. विरजण तर लोक शेजारणीकडून आणतातच, असं ती स्वतःला म्हणाली. शेजारणीला विचारून आणतात, हेही तिला माहीत होतं. परत येऊन तिने ऋतुजाच्याच डब्यातलं लोणचं मागून खाल्लं.

पुढचे दहा दिवस चार नंबरचा आकडा हलला नाही. उलट सात नंबर चाळीसवरून एकतीसवर आला. चोरी करून हाती काही लागलं नाही, की माणूस चोरीपेक्षा वाईट काहीतरी करतो. दहाव्या आठवड्याच्या सोमवारी सारिका मुलाणी मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

“मॅडम, कसं सांगावं कळत न्हाई. माझी जाऊच हाय ती. पण तिच्या जिवाची काळजी वाटायली. मोजे काढून हात घालती ओ पिंपात.”

मॅडमनी ऋतुजाला बोलावून हात पुढे करायला सांगितला. उजव्या तर्जनीच्या टोकाला वाटाण्याएवढा खळगा पडला होता, कडा उचललेल्या, मध्ये काळपट. मधल्या बोटावर दुसरा, लहान.

“हे कधीपासून?”

“झाला असंल महिना. दुखत न्हाई मॅडम, म्हणून दाखवलं न्हाई.”

“दुखत नाही हेच तर वाईट,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला होता. पिवळ्या क्रोमने पडलेला व्रण दुखत नाही, तो गुपचूप हाडापर्यंत खात जातो. त्यांनी स्वतःच्या गाडीतून ऋतुजाला मिरजेच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, आणखी महिना गेला असता तर बोट काढावं लागलं असतं. रोज दोनदा औषधाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि कामावर जायचं नाही.

मोजा काढला की नाव कमी आणि उघडा हात लागलेलं विरजण बाद, हा नियमच होता. ऋतुजाचं नाव कमी झालं. सात नंबरच्या पिंपात आणि वाफ्याच्या नळ्यांत उकळती वाफ सोडली गेली. दोन तास पांढरा धूर निघत होता आणि बायका लांब उभ्या राहून बघत होत्या.

त्या संध्याकाळी सारिकाचा दीर, ऋतुजाचा नवरा किरण, घरी आला आणि सरळ तिच्या पाया पडला. “वहिनी, तुमी हाईसा म्हणून बोट वाचलं तिचं. रडत होती, पण कळंल तिला. दुसरी कोण असती तर गप बसली असती.”

सारिका म्हणाली, “ऊठ रे. घरचंच माणूस हाय ते.” तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वसाहतीतली प्रत्येक बाई हेच म्हणायला लागली, जाऊ असावी तर अशी, आणि चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत सारिकाचाही त्यावर थोडा थोडा विश्वास बसायला लागला. ऋतुजा दुपारी दारात हात वाडग्यात बुडवून बसलेली दिसायची आणि जाणारे-येणारे तिच्याजवळ थांबायचे. त्याचाही सारिकाला हेवा वाटला. व्रण पडलेल्या बोटाचा हेवा वाटणारी आपण कसली बाई, असं तिच्या मनात आलं, पण हेवा काही कमी झाला नाही.

आणि गुरुवारी चार नंबरचा आकडा घसरला. चव्वेचाळीस, अडतीस, एकोणतीस. त्या विरजणाला मातीत जम बसवायला दोन आठवडे लागले होते, इतकंच. सारिका चार दिवस आणखी थांबली असती, तर केबिनमध्ये जायची गरजच पडली नसती. बाराव्या आठवड्यात चार नंबर एकोणीसवर होता, सात नंबर बाद झालेला आणि बाकी कुणी पस्तिसाच्या खाली नव्हतं. मॅडमनी सगळ्यांसमोर सारिकाच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. चार नंबरचं विरजण सोळाही वाफ्यांत गेलं. डिसेंबर संपेपर्यंत पाटीवरचे सगळे आकडे विसाच्या आत आले. वसाहतीतले पुरुष कुंपणापलीकडून, आपलं घर कुठे येईल ते एकमेकांना बोटाने दाखवायला लागले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आकडे थांबले. तिसऱ्या आठवड्यात ते वर चढायला लागले.

आधी चार नंबर, मग सगळेच. एकोणीसचे तेवीस, तेविसाचे अठ्ठावीस. सारिकाने मळी वाढवली. दिवसातून दोनदा घातली. आकडे चढतच राहिले. मुलाणी मॅडम चार दिवस प्रयोगशाळेतून बाहेर आल्या नाहीत आणि आल्या त्या सारिकाला एकटीला आत घेऊन बसल्या.

“आपल्या मातीत मँगनीज आहे,” त्या म्हणाल्या. “ते फार खोडसाळ. आपण पिवळ्याचं हिरवं करतो आणि ते हिरव्याचं पुन्हा पिवळं करतं. कितीही जंतू सोडा, एका बाजूने भरायचं आणि दुसऱ्या बाजूने गळायचं. मग चार नंबर इतका खाली गेलाच कसा? आज कळलं. तुमच्या विरजणात एक पाहुणा आहे. माणसाच्या कातडीवर राहणारा साधा जंतू. तो एक चिकट साय तयार करतो. ती साय मँगनीजच्या कणांवर बसली, की त्याचं काही चालत नाही. असा जंतू सगळ्यांच्या अंगावर असतो, पण हा एका विशिष्ट माणसाच्या अंगावरचा आहे, इतरांचा इतकी साय करत नाही. आता त्याने सायच करायचं सोडलंय. का ते मला कळत नाही. मूळ माणसाकडून तो पुन्हा ताजा घेता आला तर बघता येईल.” त्या थोडं थांबल्या. “सारिकाताई, खरं सांगा. तुम्हीही कधी मोजा काढला होता का? मी रागावणार नाही.”

खरं बोलायला याहून सोपी वेळ मिळणार नव्हती. सारिका म्हणाली, “व्हय. एकदा.”

मॅडमचा चेहरा खुलला. त्यांनी सारिकाच्या दहाही बोटांवरून कापसाच्या काड्या फिरवल्या, त्या नळ्यांत बंद केल्या आणि पुण्याला पाठवल्या. उत्तर यायला चार दिवस लागणार होते.

सारिका दिवस मोजत राहिली. पुण्याहून उत्तर येईल, हात हिचा नाही. मग कुणाचा? आणि तोवर आकडे पन्नाशीला जातील, मार्च उजाडेल, काँक्रीट ओतलं जाईल. एकशे चाळीस कुटुंबांना घरं मिळणार नाहीत, आणि ती का मिळाली नाहीत हे अख्ख्या गावात तिला एकटीला माहीत असेल. हे सगळं तिला कळत होतं. तरीही तिच्या मनाने जी वाट काढली ती कबुलीची नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने खोबरेल तेलाची वाटी घेतली आणि ती ऋतुजाकडे गेली. तेल लावायच्या निमित्ताने ते बोट दोन्ही हातांनी चोळायचं, मग हात न धुता तसंच केबिनमध्ये जायचं आणि म्हणायचं, मॅडम, पुन्हा एकदा तपासा.

ऋतुजा दारात बसून डाव्या हाताने घेवड्याच्या शेंगा मोडत होती.

“या आक्का. आज इकडं कसं काय?”

“बोट बघायला आले. तेल आणलंय. आण हिकडं हात.”

ऋतुजाने हात दिला. खळगे भरून आले होते, पण टोकं गुळगुळीत आणि पांढरी पडली होती. सारिका तेल चोळायला लागली, जरा जास्तच जोरात.

“कितीबी चोळा,” ऋतुजा शांतपणे म्हणाली, “काय लागायचं न्हाई तुमच्या हाताला. दोन महिन्यांच्या वर झालं, औषधाच्या पाण्यात बुडतंय ते. त्यावर आता कायबी जिवंत ऱ्हायलं न्हाई.”

सारिकाचे हात थांबले.

“मॅडमनी तुमच्या बोटांचं घेतलं ते परवाच कळलं मला. वसाहतीत काय झाकून ऱ्हातंय व्हय? तवाच वळखलं, तुमी हितं येणार.”

“कशावरनं?”

“दीड लिटर. मी जेवायच्या आधी पट्टी बुडवून माप घ्यायची आणि नंतर पुन्हा घ्यायची. त्या दिवशी अर्धं बोट कमी भरलं. आणि तुमी माझं लोणचं मागून खाल्लं. पंधरा वर्सांत कधी मागितलं न्हाई.”

सारिकाला वाटलं, जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं. ती म्हणाली, “मग बोलली का न्हाईस? आणि मी मागितलं असतं तर दिलं असतंस का?”

“दिलं असतं का ते ठावं न्हाई.” ऋतुजाने हात काढून घेतला. “आक्का, तुमी मला लई चांगली समजता व्हय? ह्या घरात आले तवापास्नं तुमी सांगायचं आणि मी करायचं. चपाती अशी लाट, पदर असा घे, मोजा असा घाल. आत्याबाई माझ्या दह्याचं गुणगान गायच्या, पण घरात इचारायचं झालं की तुमाला. चार माणसांत बोलायचं तुमी. साहेबापुढं उभं ऱ्हायचं तुमी. माझी जीभ टाळ्याला चिकटती. मी रोज तुमच्याकडं बघून जळायची. मग त्या दिवशी कळलं, आक्कांनी माझं चोरलं. लई बरं वाटलं बघा. म्हटलं, जिंकू देत. जिंकल्या तरी माझ्या विरजणावर जिंकतील आणि ते त्यांचं त्यांनाच खात ऱ्हाईल. चार नंबर खाली यायला लागला, तसं मी हितं बसून हसायची.”

आपण जिचा हेवा केला, ती आपला हेवा करत बसली होती, हे सारिकाच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा तिला राग आला नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच तिला या बाईच्या शेजारी बसावंसं वाटलं, आणि ती उंबऱ्यावर बसली.

“मरायलंय ते विरजण,” ती म्हणाली.

“मरंलच. तुमी त्याला रोज जेवायला घालताय.”

“म्हंजे?”

“म्हंजे मी मॅडमना सांगीन. तुमच्या कानात सांगणार न्हाई. कुणाचं विरजण, कुणी नेलं, ते आधी तुमी सांगा. मग मी येते.”

ऋतुजाने पुन्हा शेंगा मोडायला घेतल्या. सारिका तेलाची वाटी तिथेच विसरून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पुण्याचं उत्तर यायच्या आधीच, ती केबिनमध्ये गेली आणि उभ्याउभ्याच बोलली. हात माझा नव्हे, ऋतुजाचा. मी तिच्या पिंपातलं चोरलं. तक्रारही मी तिच्या बोटासाठी केली नव्हती, मला तिच्या पुढे जायचं होतं म्हणून केली. एवढं बोलून तिने किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला.

मुलाणी मॅडमनी जुडगा खणात टाकला. मग म्हणाल्या, “सात नंबरला आम्ही वाफ दिली. तिच्या हातावरचं औषधाने गेलं. तुम्ही चोरलं नसतं तर तो जंतू आज जगात कुठेच नसता.”

सारिकाने मान वर केली.

“त्याचं श्रेय घेऊ नका,” मॅडम म्हणाल्या. सारिकाने मान पुन्हा खाली घातली.

ऋतुजा दुपारी आली. जेवायला घालण्याचं कोडं तिने दोन वाक्यांत सोडवलं. ती गुरुवार धरायची, दिवसभर निरंकार. आपण उपाशी आणि पिंपाला मळी, हे तिला बरं वाटायचं नाही, म्हणून गुरुवारी ती पिंपालाही उपास घडवायची आणि रोजच्या वहीत मात्र मळी घातल्याची खूण करून मोकळी व्हायची. मॅडम आधी हसल्या. मग त्यांनी फळ्यावर काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. उपाशी जंतूला वाईट दिवस आल्यासारखं वाटतं आणि तो जीव वाचवायला स्वतःभोवती साय धरतो. ज्याला रोज पोटभर मिळतं तो कशाला साय धरेल? सारिकाने तर त्याला दिवसातून दोनदा वाढलं होतं. सारिकाला पित्ताचा त्रास, तिने जन्मात उपास केला नव्हता. ऋतुजावर पाळत ठेवताना हे एक तिच्या डोळ्यांतून सुटलं होतं, कारण गुरुवारी ती काय करत नाही, हे बघायचं तिला सुचलंच नाही.

सोळाही पिंपांना आठवड्यातून एक उपास सुरू झाला. ऋतुजाचं नाव पुन्हा लागलं आणि किल्ल्या तिच्याकडे गेल्या. सारिकाचं नाव कमी होणार होतं, पण ऋतुजा मॅडमना म्हणाली, “मला आक्का पाहिजेत हाताखाली.” ही माया होती की सूड, ते सारिकाला ठरवता आलं नाही. बहुधा दोन्ही होतं. वसाहतीत बायका आता तिच्याकडे बघून बोलणं थांबवायच्या. किरणने नमस्कार करणं सोडलं. तरी ती रोज आठच्या आधी फाटकाशी हजर असायची.

मार्चच्या मध्यावर पंधरा वाफे आठच्या आत आले होते. राहिला होता अकरा नंबर, सगळ्यांत खोल आणि सगळ्यांत हट्टी. त्याच्यासाठी शेवटचं मोठं विरजण लावायचं होतं. सगळ्या पिंपांतलं राखलेलं एकत्र करून दोन बादल्या भरल्या होत्या. ते वाया गेलं तर पुन्हा वाढवायला तीन आठवडे, आणि हातात होते पंधरा दिवस.

मोठ्या पिंपात मळी तापत होती. थर्मामीटर अडतीस दाखवत होता, पण तो एका जागचं सांगतो, तळाशी आणि कडेला वेगळंच असतं. ऋतुजाने दुहेरी मोजे घातलेला हात पिंपात घातला, फिरवला आणि बाहेर काढला. पुन्हा घातला. मग ती सारिकाजवळ आली आणि दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “आक्का, मला कळत न्हाई ओ. बोटांची टोकं मेल्यात. तुमी बघा.”

सारिकाने मोज्यावर मोजा चढवला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. वरचं पाणी कोमट होतं. तळाशी मात्र दुहेरी रबरातूनही चटका बसत होता. बादल्या ओतल्या तर तळाला जाईल तेवढं सगळं मरेल.

“झालं का कोमट?” ऋतुजाने विचारलं. बादलीच्या कडीला तिचा हात होता.

तेव्हा सारिकाच्या मनात आलं, की आपण नुसतं हो म्हटलं तर? ओतणार ती. किल्ल्या तिच्याकडे. गेलं तर तिच्या हातून जाईल, आणि मग त्या हाताचं कौतुक पुन्हा कुणी करणार नाही. हे तिच्या मनात आलं, नीट शब्दांत आलं, आणि घरांचा विचार त्याच्यानंतर आला. हेवा गेला नव्हता. कबुली दिल्यावर तो जाईल असं तिला वाटलं होतं, पण तो होता तिथेच होता, जुन्या भाडेकरूसारखा.

“न्हाई,” ती म्हणाली. “तळाला पोळतंय. थांब जरा.”

ऋतुजाने पुन्हा विचारलं नाही, थर्मामीटरकडेही पाहिलं नाही. तिने बादलीवरचा हात काढला आणि ती सारिकाच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मागे चौदा बायका कॅन घेऊन खोळंबल्या होत्या. तेरा दिवसांनी अकरा नंबर आठच्या आत आला आणि जमिनीला दाखला मिळाला, पण ते पुढचं. आत्ता सारिका पिंपात हात घालून तळ ढवळत होती आणि तिला रडू येत होतं, कारण ज्या बाईचं तिने चोरलं होतं, ती तिच्या एका शब्दासाठी थांबली होती.

“आता वत,” ती म्हणाली.